घामाने विझणारी चूल

९ जानेवारी, शुक्रवार

काय गं वही, विसरलीस ना मला? विसरणारच! पाच नाताळांपूर्वी माझ्या मुलाने, डंकनने, तुला आणलं, पहिल्या पानावर माझं नाव घातलं, आणि तू जी कपाटात झोपलीस ती आज उठते आहेस. तुला कोणी पेनाने टोचल्याशिवाय काल काय झालं ते आठवत नाही. मला बघ. त्र्याऐंशी वर्षांची, एक अक्षर येत नाही, पण सगळं पाठ! कुठल्या साली कुठल्या नदीकाठी आमचा तंबू होता, कुठल्या शेतकऱ्याने आमच्या अंगावर कुत्रं सोडलं — त्या कुत्र्याचं नावसुद्धा.

तर ऐक. आज सकाळी बॉयलर मेला.

चार वर्षांपूर्वी सरकारी घरांच्या ऑफिसने बसवला हा. त्याआधी भिंतीत कोळशाची शेगडी होती. तिचं तोंड विटांनी बुजवलं, वरून मलईचा रंग मारला, आणि स्वयंपाकघरात हे पांढरं कपाट टांगलं. म्हणे, गॅस कमी लागतो. धुरातली ऊबसुद्धा हा पिळून घेतो, मग धुराचं पाणी होतं आणि ते एका बारीक पाइपातून बाहेर ठिबकतं. म्हणजे चुलीला घाम येतो! बाहेर उणे नऊ झालं की घाम पाइपातच गोठतो, पाणी मागे फिरतं, बॉयलर पोटात गुरगुर करतो, आणि थंड. आता मला सांग, स्वतःच्या घामाने विझते ती चूल कसली? माझी आई बर्फात, ओल्या लाकडांवर, शालीच्या आडोशाला एका काडीत जाळ करायची.

ऑफिसला फोन लावला. अर्धा तास बाजा ऐकला. मग डॅलगार्नो नावाचा माणूस. "आजी, तुम्ही आमच्या नाजूक लोकांच्या यादीत आहात, काळजी करू नका." नाजूक! म्हटलं, बाळा, मी टॅटीच्या शेतात— बटाट्याच्या शेतात, इश्बेल म्हणते बटाटे लिहिते— तर बटाट्याच्या शेतात बाळंत झालेली बाई आहे. तो म्हणाला, "बरं बरं. रोज काय होतं त्याची नोंद ठेवा. तारीख, वेळ, सगळं लिहून."

"ठेवते," म्हटलं.

लिहिता येत नाही हे मी आजवर कुठल्याही ऑफिसातल्या माणसाला सांगितलेलं नाही. याला काय सांगणार!

म्हणून खालच्या मजल्यावरची इश्बेल लिहिते आहे. पोस्टाच्या खिडकीवर तीस वर्षं बसलेली, अक्षर म्हणे शिक्क्यासारखं. रोज तीन वाजता वर येईल, मी बोलेन, ती लिहील. ऑफिसला लागेल तेवढं कोरडं कोरडं ती वेगळं उतरवून देणार. बाकीचं फक्त तुझं. ती हसते आहे. हेही लिही म्हटलं — हसते आहे.

१० जानेवारी, शनिवार

बॉयलरवाला आला. हेक्टर. मिशीला बर्फ लागलेला. खिडकीबाहेर वाकून बघितलं आणि म्हणाला, "पाइप गोठलाय, आजी."

"ते मी कालच सांगितलं. तुझ्या ऑफिसला माहीत करून घ्यायला दिवस लागला."

बाहेरच्या जिन्याच्या वरच्या फळीवर उभा राहिला, जगने कोमट पाणी पाइपावर ओतलं, आणि पाचवा जग ओतल्यावर बॉयलर पेटला. बस्स! एवढ्यासाठी मी रात्रभर दोन कोट घालून झोपले.

मी विचारलं, "हा पाइप घराबाहेर कुठल्या शहाण्याने काढला?"

"मीच. आतून न्यायचा म्हणत होतो. भिंत फोडायला खर्च येतो, म्हणून ऑफिसने बाहेरून काढायला लावला."

"आणि तू काढलास."

"तीन मुली आहेत मला, आजी."

मुली मलाही होत्या. पण दारोदार पत्र्याची भांडी विकत फिरले तेव्हा मी वाकडी भांडी विकली नाहीत कधी.

जाताना एक कागद दिला. "पुन्हा गोठलं तर यात लिहिलंय काय करायचं." मी कागद लांब धरला, जवळ धरला, मान हलवली. चांगलं येतं मला ते, ऐंशी वर्षांचा सराव आहे. कागदावर तीन चित्रं. पहिल्यात वाफाळती किटली, तिच्यावर फुली. म्हणजे उकळतं नको. दुसऱ्यात हात, जग, पाइप. म्हणजे ओता. तिसऱ्यात बॉयलर आणि हसरा चेहरा. चित्र वाचायला शाळा लागत नाही.

इश्बेल म्हणाली, "मावशी, आणा इकडे, खालचं वाचून दाखवते."

म्हटलं, कळलं मला. डब्यात ठेवलाय.

११ जानेवारी, रविवार

बॉयलर चालू. चर्चची घंटा दोनदा वाजली, तिचीसुद्धा जीभ गोठली असेल. गुडघे भयंकर. जिना उतरायचा नाही असं ठरवलं आहे, थंडी संपेपर्यंत.

१२ जानेवारी, सोमवार

पुन्हा मेला! पहाटे पाचला गुरगुर, सहाला गार.

पण आज मी कोणाला फोन केला नाही. स्वतः केलं.

आमच्यात तोंड धुण्याचं पाणी आणि भांड्यांचं पाणी कधी एकत्र येत नाही. तोंडाची परात वेगळी, भांड्यांची वेगळी, आणि तोंडाचं पाणी स्वयंपाकाच्या मोरीत ओतणं म्हणजे — मेलेलं बरं! आई ते तंबूच्या मागे लांब फेकून यायची. घरात राहणाऱ्या लोकांनी आम्हा पत्रा ठोकत भटकणाऱ्यांना जन्मभर घाणेरडे टिंकर म्हटलं, आणि ते स्वतः एकाच भांड्यात मोजे धुतात आणि बटाटेही. माझी तोंडाची परात बापाने ठोकलेली आहे, पत्र्याची. तिला आजपर्यंत चमचा शिवलेला नाही.

आता न्हाणीघर म्हणजे नुसतं शीतघर. म्हणून ऑफिसने दिलेल्या त्या टीचभर विजेच्या हीटरशेजारी बसून, स्वयंपाकघरातच, लाल साबणाने तोंड-मान-हात धुतले. परातीत कोमट पाणी उरलं. मोरीत तर जाणार नाही. आणि बाहेर पाइप कोमट पाण्यासाठी तोंड वासून उभा! दार उघडलं, कठड्यावरून वाकले, आणि सगळं त्याच्यावर. मग आणखी दोन पराती. बॉयलर खोकला, शिंकला, पेटला.

पाणी वाया गेलं नाही, मोरी बाटली नाही, ऑफिसचा बाजा ऐकावा लागला नाही. डॅलगार्नोने यावं शिकायला!

इश्बेल म्हणते, "साबणाच्या पाण्याचं लिहू का?" लिही, लिही. अभिमानाची गोष्ट आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

आता सुळे! पाइपाच्या खालच्या वाकणावर आणि छपराच्या पन्हळीला बर्फाचे सुळे लटकलेत, माझ्या हाताएवढे लांब. बरोबर इश्बेलच्या मागच्या दारावर. आज दुपारी एक सुटला आणि तिची कुंडी फुटली. मातीची, जाड. कुंडीच्या जागी डोकं असतं तर?

मी कपडे वाळत घालायची काठी घेऊन कठड्यावरून बाकीचे पाडायला लागले. खालून ओरडा — "मावशी! थांबा! मी खाली आहे!"

"मग घरात जा ना!"

"घरात जायलाच तर दारात उभी आहे!"

हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. पण ऑफिसला फोन लावला तेव्हा हसू गेलं. डॅलगार्नो म्हणाला, "आजी, सुळे असतील तोपर्यंत तो जिना वापरू नका." माझ्या घराला दुसरा जिना नाही! म्हटलं, मग मी काय, चिमणीतून ये-जा करू? ती तर तुम्ही बुजवली!

म्हणाला, नोंद केली आहे.

नोंद! यांच्या नोंदी जाळल्या तर गावाला आठवडाभर ऊब येईल.

१४ जानेवारी, बुधवार

पुन्हा. सकाळी तीन पराती, संध्याकाळी दोन. उणे अकरा.

१५ जानेवारी, गुरुवार

डॅलगार्नो स्वतः आला! चार फोटो काढले, कठड्याला काळ्या-पिवळ्या पट्ट्या बांधल्या, आणि निघाला. पट्ट्या! बर्फाला वाचता येतं की काय त्याच्या?

मी दारातच अडवला. म्हटलं, पाइप कधी हलवणार?

"वसंतात, आजी. यादीत आहे."

"वसंतात पाइप कशाला गोठेल रे?"

मान खाली घालून हसला. वाईट माणूस नाही, पण पगारी आहे. मग म्हणाला, "खालच्या बाईंच्या पायरीवर बर्फाचा चांगला थर साचलाय. एवढं पाणी येतं कुठून? कोणी सांडतं का?"

माझं डोकंच फिरलं. सांडतं? सांडतं! तुझी चूल घाम गाळते, तुझा पाइप गळतो, आणि तू घरातल्या माणसांना विचारतोस कोण सांडतं! मी बोलले, पुष्कळ बोलले. आमच्या लोकांवर कुठल्याही गावात काहीही हरवलं की पहिला आरोप कोणावर यायचा ते सांगितलं. कोंबडी हरवली — टिंकरांनी नेली. कुंपण मोडलं — टिंकरांनी मोडलं. आता बर्फ साचला, तोही टिंकर म्हातारीने!

बिचारा पांढरा पडला. "तसं नाही हो आजी. बर्फ जरा गुलाबी दिसतोय म्हणून विचारलं." फोनवर फोटो दाखवला. खरंच, फिकट गुलाबी.

"गंज!" म्हटलं. "तुमचा बॉयलर आतून गंजलाय. तेही लिहून घे."

त्याने लिहून घेतलं.

हे सगळं सांगत होते तेव्हा इश्बेलचं पेन मध्येच थांबलं. म्हटलं, काय गं? म्हणाली, "काही नाही मावशी. शाई गोठली." आणि पेन कितीतरी वेळ हातात चोळत बसली.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज इश्बेलने चहा तसाच ठेवला. ती रोज सकाळी पायरीवर जाडं मीठ टाकते, तिचंही टाकते, माझ्या जिन्याचंही. आता दुकानातलं संपलं म्हणे, सगळ्या गावाने उचललं. स्वयंपाकाचं टाकते आहे. म्हटलं, रस्सा कशाने करशील? म्हणाली, "तुमच्या जिभेने, मावशी. तिखट-मीठ दोन्ही आहे."

मग म्हणाली, थंडी सरेपर्यंत माझ्याकडे खाली येऊन राहा. तिचा बॉयलर घराच्या मधोमध आहे, पाइप आतून जातो, कधी बंद पडला नाही. मी नाही म्हटलं. आयुष्यभर पोलिसांनी सांगितलं की उठायचं, शेतकऱ्याने सांगितलं की उठायचं. आता कोणा पाइपाच्या सांगण्यावरून मी माझी जागा सोडणार नाही!

ती म्हणाली, "तुमच्याशी काही बोलायचं म्हणजे आधी छाती करावी लागते."

"कर की मग."

"उद्या," म्हणाली.

१७ जानेवारी, शनिवार

आजचं अक्षर वेगळं आहे, वही. ही माझी सून. कर्स्टी. इश्बेल पडली.

सकाळी साडेआठला. तिच्याच दाराच्या पायरीवर. माकडहाड नाही, खुब्याचं हाड. मी वर होते. रेडिओ मोठा होता. मी गाणं ऐकत होते! वीस मिनिटं ती खाली बर्फावर, आणि मी वर गाणं ऐकत होते. कचऱ्याच्या गाडीवाल्याने बघितलं आणि आरडाओरडा केला तेव्हा मी बाहेर आले. कठड्यावरून फक्त तिचे पाय दिसत होते. एक बूट निघालेला.

ती ओरडली का नाही? कर्स्टी म्हणते, थंडीत आवाज निघत नाही. तिला वाटलं असेल, मी वाकून बघायला जाईन आणि मीही पडेन, म्हणून नाही ओरडली.

आणि एवढ्या सकाळी निघाली कुठे होती? तिची वेळ तीनची.

ॲम्ब्युलन्सवाले तिला उचलायला लागले तर तेही घसरले. एक जण शिवी देऊन म्हणाला, ही पायरी आहे की तळं?

काही बोलवत नाही. नाही, बोलवतं! लिही, कर्स्टी. मी त्यांना सोडणार नाही. पाइप बाहेर काढला त्याला सोडणार नाही. फोटो काढून गेला त्याला सोडणार नाही. माझी शेगडी ज्याने बुजवली त्याच्या हातांना—

कर्स्टी म्हणते हे लिहिणार नाही. नको लिहूस.

१८ जानेवारी, रविवार

तक्रार सांगितली. कर्स्टीने वेगळ्या कागदावर मोठं मोठं लिहिलं. पाच पानं. डंकन म्हणाला, आई, वर्तमानपत्रात देऊ. म्हटलं, दे! राजालाही दे!

डॅलगार्नोचा फोन. सुट्टीच्या दिवशी. आवाज पातळ. "फार वाईट झालं, आजी. चौकशी होणार आहे." कोणाची? "ज्याने पाइप बसवला त्याची."

"हेक्टरची?"

"गळती होती असं दिसतंय. तुम्हीच म्हणालात ना, गंज."

हो, मीच म्हणाले. येत्या गुरुवारी कागद घेऊन येतो म्हणाला, तुमचा जबाब घ्यायला, खाली सही लागेल. सही! फुली मारते मी, छान ठसठशीत.

१९ जानेवारी, सोमवार

इस्पितळात गेले. दहा दिवसांनी जिना उतरले, एका बाजूला डंकन, दुसऱ्या बाजूला कर्स्टी, मधे मी, राणीसारखी. खालची पायरी आता कोरडी ठणठणीत, वर वाळू. ऑफिसची माणसं येऊन सगळा बर्फ खरवडून गेलीत. माणूस मोडल्यावर पायरी दुरुस्त!

इश्बेल उशांमध्ये एवढीशी दिसते. शस्त्रक्रिया झाली. म्हणाली, "मावशी, टोपी उलटी घातलीय तुम्ही."

"तुला बघायला येताना आरशात कोण बघतं."

तिच्यापुढे सूप होतं, करड्या रंगाचं, त्यात एक गाजर पोहायला शिकत होतं. तिने लावलंही नव्हतं तोंडाला.

मी तिला तक्रारीचं सांगितलं. पाच पानं. हेक्टरची चौकशी. मला वाटलं ती खूश होईल. तिने सुपाचा वाडगा बाजूला सारला. मग म्हणाली, "ती पाठवू नका अजून."

"का?"

"मी घरी येईपर्यंत थांबा. मग आपण दोघी बसून वाचू."

"वाचायचं काय त्यात? मीच सांगितलंय ना!"

"थांबा म्हटलं ना, मावशी!" पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलली माझ्याशी. नर्सने वळून बघितलं.

तिच्यावरही रागावले मी! एवढं हाड मोडून घेतलं आणि वर म्हणते थांबा. असली मवाळ माणसं असतात म्हणून ऑफिसं माजतात.

ती पडली त्या दिवशीचा तिचा कोट नर्सने पिशवीत घालून दिलाय, धुवायला.

२० जानेवारी, मंगळवार

हेक्टरला घरी बसवलं. डॅलगार्नोने कळवलं. चौकशी संपेपर्यंत काम नाही, पगार नाही.

बरं झालं!

तीन मुली आहेत त्याला. असोत.

२१ जानेवारी, बुधवार

बर्फ वितळतो आहे. पन्हळीतून दिवसभर टपटप. बॉयलर आपोआप चालू, जसं काही झालंच नाही.

दुपारी इश्बेलचा कोट काढला. पिशवीत तसाच पडून होता. मागची सगळी बाजू, कमरेपासून खाली, कडक झालेली. वाटलं मीठ असेल. नाकाशी नेला.

लाल साबण.

पुन्हा नेला. कर्स्टीला म्हटलं, तू हुंग. "औषधासारखा वास येतोय, आई. तुमच्या साबणाचा." मी म्हटलं, इस्पितळातला असेल. ती म्हणाली, इस्पितळात असा साबण आता कोण वापरतं? गावात तुमच्याशिवाय कोणी वापरत नाही, तुमच्यासाठी तो वाणी मुद्दाम मागवतो.

मी बसले. कोट मांडीवर घेऊन बसले.

मी ओतत होते तेव्हा कुठे जातं ते बघितलंच नाही. गुडघ्यांमुळे खाली उतरलेच नव्हते. वरून ती पायरी दिसत नाही, फळी आड येते. मला वाटत होतं पाइपाचं पाणी पाइपासारखंच गटारात जात असेल. परातीमागून परात. पाच दिवस. आईने हे पाणी नेहमी लांब फेकलं, जिथे कोणाचं पाऊल पडणार नाही तिथे. एवढं एक शिकवलं होतं तिने मला, आणि मी ते माझ्या शेजारणीच्या दारात ओतलं.

मग डब्यातून तो चित्रांचा कागद काढला. कर्स्टीला म्हटलं, चित्रं राहू दे. खालचं वाच.

तिने वाचलं. पाणी कोमट असावं. थोडं थोडं ओतावं. "खाली जाण्या-येण्याच्या वाटेवर पाणी सांडू देऊ नका, सांडल्यास ताबडतोब मीठ टाका."

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं. ठळक अक्षरात आहे म्हणाली. खाली रेघ मारलेली.

ऐंशी वर्षं मी कागद लांब धरला, जवळ धरला, मान हलवली. एका हिवाळ्यात शाळेत गेले तेव्हा तिथल्या बाईने मला शेवटच्या बाकावर बसवलं होतं — तू काय, बर्फ वितळला की जाणारच, तुला शिकवून काय करू! तिच्यावर मी जन्मभर रागावले. इश्बेल तर माझ्यासमोर हात पुढे करून बसली होती. आणा इकडे, वाचून दाखवते.

कर्स्टी म्हणते, कोणाला कळणार नाही, आई. बर्फ खरवडून गेला. कोट मी धुते. ऑफिसने गंज लिहून घेतलाय. सगळं जुळतंय.

जुळतंय खरं. एका कोंबडीसाठी आमच्यावर आरोप करणारी माणसं असंच जुळवायची.

२२ जानेवारी, गुरुवार

डॅलगार्नो आला. त्याला म्हटलं, मला लिहिता-वाचता येत नाही, कधीच येत नव्हतं, हे आधी लिही. मग लिही: पाइप तुमचा, पाणी माझं. दोन्ही लिही, एकही गाळू नकोस. हेक्टरला उद्या कामावर घे. ऐकून तो म्हणाला, "पुरावा लागेल, आजी." म्हटलं, आहे — आणि कर्स्टीला सांगितलं, वहीतलं बारा तारखेचं पान काढ.

पानं उलटताना ती सोळा तारखेवर थांबली. म्हणाली, "आई, इथे कडेला बारीक अक्षरात काहीतरी आहे. हे तुम्ही सांगितलेलं वाटत नाही." मी म्हटलं, वाच.

"पायरीवरचा बर्फ मावशींच्या साबणाचा आहे. त्यांना सांगायलाच हवं. आता इथे सांगता येत नाही, रागात आहेत. उद्या सकाळी लवकर वर जाईन, त्या पाणी ओतायच्या आत."

माझ्या हाताखाली होती ती ओळ, वही. रोज तुझ्यावर हात ठेवून बोलत होते मी, आणि मला ती दिसूनही कळली नसती.

कर्स्टी, आता हे लिही आणि मग पेन ठेव. इस्पितळात सूप पाठव — मटणाचं, जव घालून, सलगम बारीक चिरून, वरची चरबी काढू नकोस. पातेलं इश्बेलच्या घरातलं घे, माझं नको; माझ्या घरचं पाणी तिला पुरे झालं. शेजारी ओटची भाकरी, कडा करपवून, तिला तशी आवडते. तसंच एक पातेलं हेक्टरच्या घरी. आणि इश्बेलच्या सुपात मीठ बेताचं घाल. यंदा माझ्या वाटणीचंही तिनेच टाकलंय.